वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर वजन पुन्हा का वाढतं? बिघडलेलं खाणं रुळावर कसं आणायचं?

पहिल्या वर्षी वजन झपाट्याने उतरतं. कपडे सैल होतात, जिना चढताना दम लागत नाही, अनेकांच्या मधुमेहाच्या गोळ्याही कमी होतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वजनकाटा एका जागी थांबतो आणि हळूहळू उलटा सरकू लागतो.

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजेच बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी केलेल्या अनेकांना हा अनुभव येतो. 'एवढा खर्च केला, एवढं सोसलं आणि पुन्हा तेच' या विचाराने काही जण डॉक्टरांकडे तपासणीला जाणंच बंद करतात. खरं तर मदतीची गरज नेमकी तेव्हाच असते.

वजन परत का वाढतं आणि खाणं पुन्हा मार्गावर आणण्यासाठी काय करता येतं, ते समजून घेऊ.

शस्त्रक्रियेत नेमकं काय बदलतं?

सध्या दोन शस्त्रक्रिया सर्वाधिक केल्या जातात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीलिटरची छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात.

या शस्त्रक्रियांनी पोट लहान होतं, तसंच भूक आणि तृप्ती यांची जाणीव देणारी संप्रेरकंही बदलतात. म्हणून सुरुवातीचे काही महिने अनेकांना भूकच लागत नाही. पुढे भूक काही प्रमाणात परत येते. पोटाची क्षमताही थोडी वाढते आणि एका वेळी आधीपेक्षा जास्त जेवण जातं. हा शरीराचा स्वाभाविक बदल आहे.

थोडं वजन वाढणं म्हणजे शस्त्रक्रिया फसली का?

नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटलं होतं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के होती. म्हणजे काही वजन परत आलं, तरी बराचसा फायदा टिकून राहिला.

वजन सतत वाढतच असेल, तर मात्र खाण्याकडे पाहावं लागतं.

खाणं कुठे घसरतं?

लहान झालेलं पोट सगळ्या पदार्थांना सारखं अडवत नाही. चिकन, पनीर, उसळ असे पदार्थ पोटात थोडा वेळ राहतात आणि चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. घाईने खाल्ले तर ते अडकतात, छातीत दाटून येतं, कधी उलटीही होते.

याउलट चहात बुडवलेलं बिस्कीट, खारी, शेव, वेफर्स, आइस्क्रीम, मिल्कशेक हे पदार्थ सहज खाली उतरतात. ते अडकत नाहीत आणि पोट भरल्याची जाणीवही फारशी देत नाहीत. त्यामुळे त्रास टाळण्यासाठी माणूस नकळत याच पदार्थांकडे वळतो. जेवण छोटं राहतं, पण दिवसभर थोडंथोडं तोंडात टाकणं सुरू होतं. 'मी तर काहीच खात नाही' असं प्रामाणिकपणे वाटत असतानाही वजन वाढतं, ते यामुळे.

पाच दिवस फक्त द्रवपदार्थ घेऊन पोट पुन्हा लहान होतं का?

'पोट रिसेट करा' असा सल्ला इंटरनेटवर सर्रास दिसतो. काही दिवस फक्त सूप आणि शेक घेतल्याने ताणलेली पिशवी पूर्ववत होते, याला शास्त्रीय आधार नाही. वजन दोन-तीन किलो उतरलंच, तर त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. प्रथिनं पुरेशी नसतील तर स्नायूही झिजतात. शिवाय द्रवपदार्थांनी पोट भरलेलं राहत नसल्याने सहाव्या दिवशी जुनं खाणं परत येतं.

मग सुरुवात कुठून करायची?

आहारतज्ज्ञ सहसा उपाशी राहायला सांगत नाहीत. खाण्याचा क्रम आणि वेळ बदलण्यावर त्यांचा भर असतो.

- प्रथिनं आधी: दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हे सर्वसाधारण उद्दिष्ट असतं. ताटातली उसळ, अंडं, मासे, चिकन किंवा पनीर आधी, मग भाजी आणि जागा उरली तरच पोळी किंवा भात.
- पाणी वेगळं: जेवताना पाणी, ताक किंवा सोलकढी पिऊ नये. जेवणानंतर साधारण अर्धा तास थांबून मग प्यावं. दिवसभरात मात्र किमान दीड लिटर पाणी पोटात जायला हवं.
- ठरलेल्या वेळा: तीन छोटी जेवणं आणि गरज असेल तर एक-दोन वेळा ठरवून केलेलं खाणं. बाकी वेळी स्वयंपाकघर बंद.
- सावकाश घास: छोटा घास, भरपूर चावणं, जेवणाला वीस-तीस मिनिटं. पोट भरल्याचं जाणवताच थांबायचं, ताटात उरलं तरी.
- आठवडाभराची नोंद: खाल्लेलं सगळं लिहून ठेवायचं. चहाची साखर आणि येता-जाता उचललेले शेंगदाणेही त्यात आले.

शाकाहारी असाल तर?

आकडेमोड थोडी अवघड होते. बशीभर पोह्यांत जेमतेम तीन-चार ग्रॅम प्रथिनं मिळतात. दिवसभरात १०० ग्रॅम पनीर, ३० ग्रॅम कोरड्या सोयावड्या, वाटीभर घट्ट वरण, २०० ग्रॅम दही आणि कपभर दूध घेतलं, तरी बेरीज साधारण ५५ ग्रॅमच्या आसपास जाते. म्हणूनच अनेकांना प्रोटीन पावडर सुचवली जाते. किती आणि कोणती घ्यायची, हे आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावं.

उपवासाचाही विचार करावा लागतो. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच, त्यामुळे खिचडीने पोट भरतं पण गरज भागत नाही. उपवास करायचाच असेल तर दूध, दही, पनीर यांना पुढे ठेवता येतं. निर्जळी उपवास मात्र टाळलेला बरा.

गोळ्या बंद केल्या तर काय होतं?

शस्त्रक्रियेनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या सहसा आयुष्यभर घ्याव्या लागतात. वजन वाढलेलं असलं तरी शरीरात यांची कमतरता असू शकते. थकवा, केस गळणं, हातापायांना मुंग्या येणं याकडे दुर्लक्ष करू नये. खाणं सुधारायला घेताना रक्ततपासणीही करून घ्यावी.

दारूबाबतही सावध राहायला हवं. विशेषतः बायपासनंतर ती रक्तात वेगाने भिनते. त्यातून मिळणाऱ्या कॅलरी वेगळ्याच.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

वारंवार उलट्या होत असतील तर वाट पाहू नये. त्यातून थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता होऊ शकते. तोल जाणं, दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं होणं ही तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणं आहेत. तीव्र पोटदुखी किंवा पाणीही खाली न उतरणं, हेही तसंच.

खाणं सुधारूनही वजन वाढत असेल, तर पोटाच्या रचनेत काही बदल झाला आहे का, थायरॉइड किंवा इतर औषधांचा परिणाम आहे का, हे डॉक्टर तपासतात. काही रुग्णांना सेमाग्लुटाईडसारखी औषधं दिली जातात, तर मोजक्या रुग्णांत दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. ताण, नैराश्य किंवा रात्री उठून खाण्याची सवय असेल तर समुपदेशकाची मदत उपचाराचाच भाग मानली जाते.

घरच्यांनी काय करावं?

ताटात 'अजून एक घे' असा आग्रह करू नये आणि 'ऑपरेशन करूनही जाड झालीस' असा टोमणाही मारू नये. लाज वाटू लागली की माणूस लपून खातो आणि तपासणी टाळतो. घरात सगळ्यांसाठीच आधी उसळ-भाजी वाढली, फरसाणाचे डबे समोरून हलवले आणि पुढच्या तपासणीला सोबत गेलं, तर मोठा आधार मिळतो. शेवटची तपासणी होऊन दोन-चार वर्षं उलटली असली, तरी पुन्हा जायला उशीर झालेला नसतो.