देवाचं वजन

ख्रिस्ती प्रार्थनांमध्ये एक शब्द सतत कानावर येतो: गौरव. चर्चच्या बाहेर हा शब्द आपल्याला भेटतो तो गौरव समारंभात. शाल, श्रीफळ, दोन लांबलचक भाषणं. त्यामुळे बाहेरून ऐकणाऱ्याला प्रश्न पडतोच की सर्वशक्तिमान देवाला स्तुतीची एवढी हौस कशासाठी? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र शब्दाच्या मुळाशी जावं लागतं.

बायबलच्या जुन्या करारातला हिब्रू शब्द आहे 'कावोद'. त्याच्या धातूचा अर्थ जड असणं. अब्राहाम श्रीमंत होता हे सांगायला उत्पत्तीचं पुस्तक हाच 'जड' शब्द वापरतं. फारोचं हट्टी मनही जडच. आपणही 'वजनदार माणूस' म्हणतोच की. गंमत म्हणजे 'गौरव' हा शब्दही 'गुरू' म्हणजे जड यावरून आलाय. गुरुत्वाकर्षण त्याच घरातलं. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण दोघींनी मोठेपण तराजूत घालूनच मोजलं.

म्हणजे देवाचा गौरव ही मुळात टाळ्यांची गोष्ट नव्हती, उपस्थितीची होती. शलमोनाने यरुशलेमात मंदिर बांधलं तेव्हा आत एवढा दाट मेघ भरला की याजकांना उभं राहता येईना, असं राजांच्या पुस्तकात येतं. पण मग एक अवघड प्रश्न उभा राहतो. मंदिरच पडलं तर?

इसवी सनपूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने ते खरोखर पाडलं. त्याआधीच कैद करून बाबेलला नेलेल्यांमध्ये यहेज्केल नावाचा याजक होता. त्याला दृष्टान्त झाला तो मंदिरात नाही, परक्या देशातल्या कबार कालव्याकाठी. त्यात देवाचं सिंहासन चाकांसह दिसतं, चारही दिशांना जाणाऱ्या चाकांसह. गौरव मंदिर सोडून निघाला होता आणि हद्दपार झालेल्यांपर्यंत पोचला होता. हरलेल्या लोकांचा देवही हरला असं त्या काळी कुणीही म्हटलं असतं. यहेज्केलने ते मानलं नाही.

पुढे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास अलेक्झांड्रियात या ग्रंथांचं ग्रीक भाषांतर सुरू झालं. कावोदसाठी भाषांतरकारांनी निवडलेला शब्द होता 'डोक्सा'. ग्रीकमध्ये डोक्सा म्हणजे मत, आणि त्यावरून लौकिक, नाव. प्लेटो तर खऱ्या ज्ञानापुढे डोक्साला कमी लेखतो. माझ्या कामात एका सिस्टीमचा डेटा दुसरीत नेताना प्रकार जुळले नाहीत तर अर्थाचा काही भाग गळतो. इथे उलटं झालं. जुन्या अर्थाने नवा शब्द भरून टाकला, आणि डोक्साला वजन आलं, तेजही आलं. तरी 'लोक काय म्हणतील' हा वास त्याला थोडा राहिलाच.

नव्या कराराने नेमका तोच वास पुसायला घेतला. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या गौरवाची घटका आली असं म्हणतो, आणि ती घटका असते क्रुसाची. रोमन जगात क्रूस म्हणजे गुलामांना आणि बंडखोरांना मुद्दाम चारचौघांत दिलेलं लाजिरवाणं मरण. लौकिकाच्या हिशेबाने शून्य. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, देव किती 'जड' आहे ते इथे कळतं: तो दुसऱ्याचं ओझं किती वाहतो त्यावरून.

ही गोष्ट चर्च पुन्हापुन्हा विसरलं. सत्ता आली, सोनेरी घुमट आले, आणि गौरव म्हणजे थाट हा अर्थ परत वर आला. १५१८ साली हायडेलबर्गच्या वादसभेत मार्टिन ल्यूथरने हाच मुद्दा काढला. गौरवाचं ईश्वरशास्त्र वेगळं, क्रुसाचं वेगळं. पहिलं देवाला सामर्थ्यात शोधतं, दुसरं दुःखात. त्या काळात रोममधलं सेंट पीटर्स चर्च बांधण्यासाठी पापक्षमेची पत्रं विकून पैसा उभा केला जात होता, हे लक्षात घेतलं की या वाक्यांची धार कळते. त्याच्याही फार आधी, दुसऱ्या शतकात, लियोंचा बिशप इरेनेउस याने गौरवाचा संबंध थेट जिवंत माणसाशी जोडला होता. माणूस खऱ्या अर्थाने जगतो तिथे देवाचा गौरव.

मराठीत हा विचार फादर थॉमस स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणातून १६१६ सालीच ओवीत आला. पण त्याचं वजन मला जास्त जाणवतं ते पंडिता रमाबाईंकडे बघताना. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खं बायबल उतरवलं, आणि ते काम हातावेगळं करून एप्रिल १९२२ मध्ये वारल्या. हे सगळं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, दुष्काळातून आणलेल्या मुली आणि टाकलेल्या विधवा यांच्या गराड्यात.

समाजाने ज्यांना कवडीमोल ठरवलं होतं, त्यांना तिथे किंमत होती. देवाला स्तुतीची हौस आहे का, या प्रश्नाला ख्रिस्ती इतिहासातलं सर्वांत चांगलं उत्तर बहुधा हेच. वजन आहे त्याला ते मिरवावं लागत नाही. ते दुसऱ्याला देता येतं.