दुष्काळातील भावंडे : रमाबाई व श्रीनिवास डोंगरे

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात १८७८ सालच्या कलकत्त्यातील गौरवाला जे स्थान मिळते, ते त्यापूर्वीच्या चार वर्षांना मिळत नाही. १८७४ साली मद्रास इलाख्यात, अन्नान्नदशेत, अनंतशास्त्री डोंगरे व पाठोपाठ लक्ष्मीबाई निवर्तल्या. पुढे थोरली मुलगीही गेली. मागे राहिले श्रीनिवास व सोळा वर्षांच्या रमाबाई. आईच्या तिरडीस खांदा देण्यास दोनच ब्राह्मण मिळाले. चौथी जागा रमाबाईंनी घेतली व उंची कमी असल्याने भार डोक्यावर वाहिला. पुराणकथनावाचून अन्य उपजीविका या भावंडांना ठाऊक नव्हती. ज्या शास्त्राध्ययनाने पुढे कीर्ती दिली, त्याने दुष्काळात भाकरी दिली नाही. पंजाबात झेलमकाठी वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी थंडी निभावली. व्रते व तीर्थयात्रा निष्फळ ठरल्याने श्रद्धाही डळमळली.

१८८० साली श्रीनिवासही वारले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना रमाबाईंनी केडगावी आश्रय दिला आणि अक्षरज्ञानासोबत मुद्रण, विणकाम असे हातचे व्यवसायही शिकविले. या कार्याची मीमांसा केवळ धर्मांतराच्या अंगाने करणे अपुरे होय. १८७४ चा अनुभवही त्याच्या मुळाशी आहे.