जकात नाक्यापासून वीजबिलापर्यंत: शहरांच्या पर्यावरण प्रकल्पांना पैसा कसा मिळत गेला

आज आपण नगरपालिकांच्या पैशांविषयी बोलणार आहोत. विषय जरा रुक्ष वाटेल. पण सांडपाण्याचं शुद्धीकरण असो, पाण्याचे पंप असोत, रस्त्यावरचे दिवे असोत की सौर प्रकल्प, या सगळ्यामागे एकच प्रश्न उभा असतो. खर्च कोणी करायचा, आणि तो कशाच्या भरवशावर?

सुरुवात 1993 पासून करू. 74 वी घटनादुरुस्ती त्या वर्षी 1 जूनला अमलात आली. तिच्यामुळे घटनेला बारावं परिशिष्ट जोडलं गेलं आणि त्यात नागरी संस्थांसाठी 18 विषय आले. पाणीपुरवठा, घनकचरा, रस्त्यावरची दिवाबत्ती आणि पर्यावरणाचं रक्षणही त्यात आहे. कामांची यादी अशी वाढली, पण नगरपालिकांनी कोणते कर लावायचे हे ठरवणं राज्यांच्याच हातात राहिलं. पुढची सगळी गोष्ट या फटीतून सुरू होते.

पहिलं मोठं उत्तर अहमदाबादनं दिलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ही महापालिका तोट्यात होती. केशव वर्मा आयुक्त असताना जकात आणि मालमत्ता कराची वसुली सुधारली. 1996 मध्ये महापालिकेनं स्वतःचं पतमूल्यांकन करून घेतलं. भारतात हे पहिल्यांदाच घडत होतं. मग जानेवारी 1998 मध्ये 100 कोटी रुपयांचे रोखे काढले, पाणी आणि मलनिस्सारणासाठी. राज्य सरकारची हमी नव्हती. त्याऐवजी ठरावीक जकात नाक्यांचं उत्पन्न वेगळ्या खात्यात जमा होईल आणि त्यातून देणं फिटेल, अशी व्यवस्था केली. आता बघा, गुंतवणूकदारानं विश्वास ठेवला तो रोज पैसा गोळा करणाऱ्या नाक्यावर. पुढच्याच वर्षी, 1999 मध्ये, नाशिकनंही 100 कोटींचे रोखे काढले.

पण ज्या नाक्यावर हा विश्वास होता, तो नाकाच पुढे गेला. गुजरातनं 2007 मध्ये महापालिकांची जकात रद्द केली. महाराष्ट्रात 2010 पासून टप्प्याटप्प्यानं जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, आणि ऑगस्ट 2015 पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी गेला. मुंबईत जकात टिकली ती जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत. नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा गेल्या, त्याचं दुःख कोणी करणार नाही. मात्र महापालिकेचा स्वतःचा रोजचा पैसाही त्यांच्याबरोबर गेला आणि राज्याकडून येणाऱ्या भरपाईची वाट पाहणं नशिबी आलं.

याच काळात केंद्राचं अनुदान मोठ्या प्रमाणावर येऊ लागलं. 3 डिसेंबर 2005 रोजी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झालं. 40 लाखांवरच्या शहरांना प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, 10 ते 40 लाखांच्या शहरांना 50 टक्के आणि त्याहून लहान शहरांना साधारण 80 टक्के केंद्राचा वाटा. एक अट अशी होती की प्रकल्प चालवण्याचा खर्च पाणीपट्टीसारख्या आकारणीतून निघाला पाहिजे. ही अट पाळणं सर्वांत अवघड गेलं. कारण उघड आहे. शुद्धीकरण केंद्र बांधायचा पैसा एकदा लागतो. त्याचं वीजबिल मात्र दर महिन्याला येतं. अनुदानात ते बसत नाही. पाणीपट्टी वाढवायला निवडून आलेले सदस्य धजत नाहीत. मग केंद्र उभं असतं, आणि सांडपाणी तसंच नाल्यात जातं.

या कोंडीतून वाट काढण्याचे जे प्रयत्न झाले, त्यातले तीन पाहू.

पहिला नागपूरचा. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पाणी हवं होतं, आणि शहराकडे सांडपाणी होतं. 2008 मध्ये महापालिका आणि महानिर्मितीचा करार झाला. भांडेवाडीला दिवसाला 130 दशलक्ष लिटर क्षमतेचं केंद्र उभं राहिलं. अभियानाचं अनुदान त्याला मिळालंच, पण महत्त्वाचं हे की पाण्याला कायमचं गिऱ्हाईक होतं. महापालिकेला सांडपाण्याचे पैसे मिळू लागले आणि पेंचच्या धरणातल्या पाण्यावरचा वीज केंद्राचा भार हलका झाला.

दुसरा प्रयत्न रस्त्यावरच्या दिव्यांचा. जानेवारी 2015 मध्ये देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. ईईएसएल या सरकारी कंपनीनं स्वतःच्या पैशानं एलईडी दिवे लावायचे आणि नगरपालिकेनं वाचलेल्या वीजबिलातून साधारण सात वर्षांत ते फेडायचे. एक कोटीहून जास्त दिवे बदलले गेले. वीज खरोखर वाचली. पण वाचलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवला नाही तर तो पगारात, दुरुस्तीत, कुठेही जिरतो. अनेक ठिकाणी कंपनीची देणी थकली. अहमदाबादनं नाक्यांचं उत्पन्न बाजूला काढलं होतं, ते का, हे इथे कळतं.

तिसरा इंदूरचा. होळकरांचं हे शहर पाणी पितं नर्मदेचं, आणि ते सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी वर चढवावं लागतं. त्या पंपांचं वीजबिल हा महापालिकेचा मोठा खर्च. फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूरनं 244 कोटींचे हरित रोखे काढले, सामान्य गुंतवणूकदारांसाठीही खुले. पैसा खरगोन जिल्ह्यातल्या 60 मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी होता. म्हणजे एकेकाळी जकात नाका जे काम करत होता, ते आता कमी होणाऱ्या वीजबिलानं करायचं.

मात्र रोखे काढणं मोठ्या शहरांना जमतं. 2017 मध्ये पुण्यानं पाणी योजनेसाठी 200 कोटी उभे केले. तीस-चाळीस हजार वस्तीच्या नगरपरिषदेला कोण कर्ज देणार? तिचे हिशेबच अपुरे असतात आणि अभियंते मोजके. राज्याच्या माझी वसुंधरा अभियानात 2020 पासून अशा गावांनाही गुण आणि बक्षिसं मिळतात. त्याचा उपयोग आहे. पण बक्षिसावर पंप चालत नाही.

तमिळनाडूनं यावर 2002-03 मध्येच मार्ग दाखवला होता. 13 लहान नागरी संस्थांची गरज एकत्र बांधून 30 कोटींच्या आसपासचे सामायिक रोखे काढले. मागे राज्याचा राखीव निधी आणि अमेरिकेच्या मदतसंस्थेची अंशतः हमी होती. एकेकटीला बाजारात कोणी विचारलं नसतं. एकत्र आल्यावर दार उघडलं. हा प्रयोग देशभर रुजला नाही, ही आपल्या नागरी इतिहासातली एक राहून गेलेली गोष्ट आहे.

तेव्हा आपल्या गावात नवा प्रकल्प जाहीर झाला की अनुदान किती कोटींचं, हे विचाराच. त्याच्या जोडीला आणखी एक विचारा: दहाव्या वर्षी याचं वीजबिल कोणत्या खात्यातून भरलं जाणार? नगरपरिषदेचा अर्थसंकल्प दरवर्षी सभेपुढे येतो. त्यात हे खातं आहे की नाही, ते आपल्यापैकी कोणालाही पाहता येतं.

आज इथेच थांबू.