अफूचीं नवीं नांवें

मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या आया एके काळीं आपल्या तान्ह्या मुलास ‘बाळगोळी’ चारून निजवीत असत. मूल दिवसभर रडत नसे. त्या गोळींत अफू असे. पण नांवांत अफू नव्हती, बाळ होतें. आम्ही सुशिक्षित लोक त्या मातांच्या अज्ञानाची कींव करितों. परंतु गेल्या दोनशें वर्षांतील वेदनाशामक औषधांचा इतिहास पाहिला, म्हणजे नांव पालटलें कीं गुणही पालटतो या भ्रमास मोठमोठे विद्वानही बळी पडले आहेत, असें दिसून येतें.

जर्मनींतील पाडरबोर्न येथील एका औषधालयांत काम करणाऱ्या सर्ट्युर्नर नांवाच्या तरुणानें १८०५ च्या सुमारास अफूचें सत्त्व वेगळें काढलें. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्यास पुढें मॉर्फीन हें नांव मिळालें. १८१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यानें स्वतःवर व तीन तरुणांवर केलेला प्रयोग वर्णिला आहे. मात्रा इतकी अधिक झाली कीं, शेवटीं सर्वांस तीव्र शिरका पाजून ओकारी काढावी लागली. या औषधाचा धोका त्याच्या जनकासच प्रथम कळला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

१८५३ च्या सुमारास त्वचेखालीं औषध टोचण्याची पिचकारी प्रचारांत आली. औषध पोटांत जात नाहीं, तेव्हां पोटास त्याची चटकही लागणार नाहीं, असा कित्येक डॉक्टरांचा तर्क होता. तो सपशेल खोटा ठरला. पुढें १८९८ सालीं जर्मनींतील बायर कंपनीनें हेरॉईन बाजारांत आणलें, तें खोकल्याचें औषध म्हणून व मॉर्फीनहून निर्धोक म्हणून! १९२४ सालीं अमेरिकेस त्याचें उत्पादन बंद पाडण्याचा कायदा करावा लागला.

इतका धडा मिळाल्यावरही विसाव्या शतकाच्या अखेरीस तीच चूक पुन्हां घडली. १९८० सालीं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या साप्ताहिकांत एक चिमुकलें पत्र छापून आलें. रुग्णालयांत अशीं औषधें दिलेल्या ११,८८२ रोग्यांपैकीं, पूर्वीं व्यसन नसलेल्या केवळ चौघांस व्यसन जडल्याची नोंद सांपडली, एवढाच त्याचा आशय. घरीं महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयीं तें पत्र कांहींच सांगत नव्हतें. तरी तेंच आधार म्हणून वारंवार पुढें करण्यांत आलें. १९९६ सालीं पर्ड्यू कंपनीनें ‘ऑक्सिकॉन्टिन’ ही बारा तास हळूहळू विरघळणारी गोळी विकण्यास आरंभ केला. ती सावकाश भिनते, म्हणून तिचा दुरुपयोग कमी होईल, असें सांगण्यांत आलें. पण गोळी कुटली कीं सर्व मात्रा एकदम मोकळी होई. २००७ सालीं या दिशाभुलीबद्दल कंपनीनें न्यायालयांत गुन्हा कबूल केला. १९९९ ते २०२१ या काळांत अमेरिकेंत अफूवर्गीय पदार्थांच्या अतिमात्रेनें सुमारें ६ लक्ष ४५ हजार माणसें दगावलीं. आरंभीं डॉक्टरांनीं लिहून दिलेल्या गोळ्या, पुढें हेरॉईन आणि शेवटीं चोरटें फेंटानिल, असा त्या अनर्थाचा क्रम होता.

मग हें औषध वर्ज्यच करावें काय? त्याचें उत्तर आमच्याच देशानें दिलें आहे. १९८५ सालीं अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. परवान्यांच्या जंजाळास व शिक्षेस भिऊन रुग्णालयांनीं व औषधविक्रेत्यांनीं मॉर्फीन ठेवणेंच सोडलें. कायदेशीर अफू पिकवून परदेशीं धाडणाऱ्या या देशांत कर्करोगानें तळमळणाऱ्यांस तिचें सत्त्व मिळेनासें झालें! २०१४ सालीं कायदा सुधारून वाट थोडी सुगम करण्यांत आली. पण मनांतील भय कायद्यानें जात नाहीं. आमच्या परिचयाच्या एका घरांत, वडिलांस व्यसन लागेल म्हणून मुलानें डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्या कपाटांतच ठेविल्या. वडिलांचे आयुष्याचे तीन आठवडेच उरले होते. ते कण्हतच गेले. त्या मुलाची पितृभक्ति खोटी नव्हती. पण शरीरास औषधाची संवय होणें आणि मनास व्यसन जडणें, यांतील भेद त्यास कोणी समजावून दिला नव्हता.

तो भेद व औषधाचे नियम घरोघरीं ठाऊक असावे. हें औषध अधिक झाल्यास श्वास मंदावतो. म्हणून त्यासोबत मद्य नको, व डॉक्टरांस विचारल्यावांचून झोपेच्या गोळ्याही नकोत. शरीर मात्रेस सरावतें. मध्यें खंड पडल्यावर पूर्वींचीच मात्रा प्राणघातक ठरूं शकते. बरेच दिवस घेतलेलें औषध एकाएकीं सोडूं नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानें क्रमाक्रमानें उतरवावें. हळूहळू विरघळणारी गोळी फोडूं नये. गोळ्या कुलपांत ठेवाव्या आणि एकाच्या दुसऱ्यास देऊं नयेत. रोगी हांकेस ओ देईना व श्वास मंद पडला, तर क्षणाचाही विलंब न करितां त्यास रुग्णालयांत न्यावें. नालोक्सोन हा त्यावरील उतारा तेथें देतां येतो.

पुढेंही नवीं औषधें येतील आणि त्यांचीं नांवें याहून गोड असतील. आमच्या वाचकांनीं नांवास भुलूं नये, तसेंच भिऊंही नये. मात्रा किती, किती दिवस, आणि सोडावयाचें कसें, हे तीन प्रश्न डॉक्टरांस निःसंकोच विचारावे. त्या गिरणींतील मातेस हे प्रश्न विचारावयास कोणी नव्हतें. आम्हांस ती सबब नाहीं.