भूमिकाखेळातील गुत्ता आणि व्यंगचित्रे

१९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन या दोघा अमेरिकनांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. मेजाभोवती बसलेल्या मंडळींपैकी कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग वर्णितो आणि कृती सफळ झाली की नाही हे फासे ठरवितात. खेळाची खरी सामग्री म्हणजे बोलणे. अशा खेळाच्या इतिहासात नियमग्रंथांतील व्यंगचित्रे केवळ पाने भरण्यासाठी घातली असे समजणे म्हणजे हातचा पुरावा दवडणे होय.

या कल्पित जगात साहसाचा प्रारंभ पुष्कळदा गुत्त्यात होतो. अनोळखी माणसे एकत्र यावयास आणि कामगिरीची वार्ता कानी पडावयास ती जागा सोयीची. फ्रिट्झ लायबरच्या लांखमार नगरीच्या कथांत असा एक गुत्ता, ‘सिल्व्हर ईल’, आहेच. आणि १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये गायगॅक्सने आपल्या प्रेरणास्थानांत लायबरची गणना केली आहे. गुत्ता आला की मारामारी आलीच. परंतु तलवारीच्या युद्धासाठी रचलेले नियम बाके फेकणाऱ्या दारुड्यांपुढे लंगडे पडतात; तेथे कोणाला लोळवावयाचे असते, ठार मारावयाचे नसते. म्हणून त्याच ग्रंथात ठोसे मारणे, कवटाळणे व अंगावर पडून खाली पाडणे यांसाठी शतमान फाशांची स्वतंत्र व्यवस्था दिली आहे. ती इतकी क्लिष्ट, की मद्यप्यांची झोंबाझोंबी सोडविण्यास हिशेबनिसाची चिकाटी लागावी!

या ग्रंथाची भाषा भारदस्त व आडवळणी आहे. तिच्या सोबतीस विल मॅक्लीनची व्यंगचित्रे आहेत. त्यांपैकी एकात अद्भुत जगातील पात्रेच मेजाभोवती बसली असून, औद्योगिक समाजातील कामगार व विद्यार्थी असल्याचा नवा खेळ खेळत आहेत. खेळाची चौकट येथे सरळ उलटी केली आहे. ‘मी दार फोडतो’ असे खेळाडू म्हणतो तेव्हा त्यातील ‘मी’ व्याकरणाच्या दृष्टीने एकच. अर्थाच्या दृष्टीने मात्र त्यात मेजापाशी बसलेला माणूस आणि दारापाशी उभा असलेला योद्धा असे दोघे असतात. हे दुहेरी भान नियमांच्या गद्यात क्वचितच उमटते. चित्रात ते ढळढळीत दिसते.

याचे महत्त्व पुढील वादात कळून येते. १९८३ मध्ये अमेरिकेत या खेळाच्या विरोधार्थ एक संघटना उभी राहिली आणि १९८५ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातही त्याची चर्चा झाली. मुले कल्पित व वास्तव यांतील भेद विसरतात, हा एक मुख्य आक्षेप होता. एका व्यंगचित्रावरून प्रत्येक खेळाडूच्या मनाची ग्वाही देता येणार नाही, हे खरे. तथापि संघटना स्थापन होण्यापूर्वी चार वर्षे खेळाच्या अधिकृत ग्रंथानेच नेमका तो भेद थट्टेचा विषय केला होता, आणि ही थट्टा वाचकाला समजेल असे गृहीत धरले होते. वादाच्या त्या वर्षांतही ‘ड्रॅगन’ मासिकात डेव्हिड ट्रॅम्पियरच्या ‘वर्मी’ या मालिकेतील चिरूट ओढणारा ड्रॅगन वाचकांना भेटत होता. १९७७ मध्ये सुरू झालेली ती मालिका १९८८ मध्ये अर्ध्यावरच थांबली.