बटण फेजवरच का?

आज गोष्ट भिंतीवरच्या बटणाची.

पूर्वी बटण सावकाश उघडलं की ठिणगी लांबायची, आतल्या पट्ट्या जळायच्या. 1884 मध्ये न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सने झटक्यात उघडणारा स्विच बनवला. ती ‘टक्’ तेव्हापासूनची!

मुंबईत बेस्टची मूळ कंपनी 1905 ची. आपल्या उपनगरांसाठी बीएसईएस आली 1929 मध्ये. पुढे रिलायन्स, 2018 मध्ये अदानी. जोगेश्वरीच्या बिलावरचं नाव बदललं, पण 1956 च्या वीज नियमांतली एक गोष्ट तशीच राहिली: न्यूट्रलवर एकटा स्विच नको.

का? बटण न्यूट्रलवर असलं तरी दिवा नीट लागतो, विझतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, टेस्ट पास, बग आत! कारण दिवा विझला तरी होल्डरमध्ये 230 व्होल्ट जिवंत. स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्याला ते कळणार कसं?

म्हणून आधी मेन बंद. टेस्टर चालू पॉइंटवर तपासा, मग इथे लावा. फेज बटणातून होल्डरला, न्यूट्रल थेट होल्डरला. जुन्या चाळीत वायरच्या रंगावर भरवसा नको. शंका आली की लायसन्सवाला वायरमन बोलवा, बरं का!