वाटसरूला पाणी, शेजारणीला दार



भाकऱ्या उरकून, धारा काढून रेडिओजवळ येऊन बसलात, बरं वाटलं. आज आपल्याच जामखेड तालुक्याच्या इतिहासातल्या दोन गोष्टी सांगणार आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला लढाया, किल्ले आणि सनावळ्या आठवतात. पण कोणी कोणाला पाणी पाजलं, कोणी कोणाच्या बाळंतपणाला धावलं, हाही इतिहासच आहे. तो बहुतेक बायांनी घडवला, म्हणून पुस्तकात कमी आला.

पहिली गोष्ट चौंडीची. अहिल्यादेवी होळकरांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी आपल्या तालुक्यातल्या चौंडी गावात झाला. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. अहिल्यादेवी लग्न होऊन होळकरांकडे गेल्या आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वरहून राज्य चालवलं. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी बांधलेली देवळं, घाट, बारवा, धर्मशाळा आपण जयंतीच्या भाषणात दरवर्षी ऐकतो. पण मला त्यातलं लहान काम जास्त मोठं वाटतं.

अहिल्यादेवी गेल्यावर काही वर्षांनी जॉन माल्कम नावाचा इंग्रज अधिकारी माळव्यात आला. त्याने तिथल्या जुन्या माणसांना विचारून त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं, आणि ते १८२३ साली छापून आलं. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी द्यायला रस्त्यावर माणसं उभी असत. थंडी सुरू झाली की गरीब, दुबळ्या लोकांना कपडे मिळत. महेश्वरच्या आसपास शेतात नांगर ओढणारे बैल थांबवून त्यांना पाणी पाजलं जाई. पाखरांना पिकावरून सगळेच हाकलतात, म्हणून त्यांच्यासाठी शेतं विकत घेऊन ठेवली होती.

आता बघा, या सगळ्यात पाणी पिणारा कोण आहे? अनोळखी वाटसरू. तो कुठून आला, कोणत्या जातीचा, परत कधी दिसेल का, काही माहीत नाही. तरी त्याची सोय आधीच करून ठेवलेली. पाणपोईचा अर्थच तो आहे. तहान लागलेल्या माणसाला मागायला लागू नये. आपल्या गावात चैत्र लागला की कोणी तरी झाडाखाली रांजण भरून ठेवतं, वर ओलं फडकं गुंडाळतं. पंढरीच्या वाटेवरच्या गावांत आषाढात दिंडीला भाकरी-पिठलं मिळतं. अनोळखी माणसाला देण्याची आपली रीत जुनी आहे आणि पक्की आहे.

पण शेजारच्या माणसाचं काय? मैत्रिणींनो, खरं सांगते, वाटसरूला पाणी देणं सोपं. तो पाणी पिऊन निघून जातो. शेजारीण जात नाही. तिच्याशी बांधाचं भांडण असतं, नळावरची कुरबूर असते, जात असते, मागच्या पिढीतला राग असतो. म्हणून दिंडीतल्या शंभर माणसांना जेवू घालणारं गाव आपल्याच एका वस्तीला विहिरीवर चढू देत नव्हतं. हे फार जुनं नाही. आपल्या सासूबाईंना, आजीला विचारा, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

दुसरी गोष्ट इथूनच सुरू होते. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे डॉक्टर नवरा-बायको जामखेडला आले. दोघं वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेतही शिकून आलेले. मनात आणलं असतं तर कोणत्याही शहरात मोठा दवाखाना चालला असता. जामखेडला त्यांनी सुरुवात केली ती गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत. त्या काळी आपल्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे सुमारे १७६ मुलं वर्षाच्या आत जात होती. म्हणजे प्रत्येक सहा पाळण्यांतला एक रिकामा होत होता.

डॉक्टरांना वाटलं होतं लोक औषध मागतील. लोकांनी मागितलं पाणी आणि अन्न. कारण दुष्काळ पडला होता. १९७२ चा दुष्काळ घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेला तुम्हाला आठवत असेल. खडी फोडायची कामं, लाल मिलो, सुकडी. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती. आपली रोजगार हमी योजना त्याच दिवसांतून उभी राहिली. तेव्हा आरोळ्यांनी आधी लहान मुलांच्या जेवणाची आणि पाण्याची सोय हाती घेतली. गावोगाव बोअर घेऊन हातपंप बसवले. आणि त्यात एक गोष्ट ठरवून केली. हातपंप दलित वस्तीच्या बाजूला बसवायचे.

याचा परिणाम काय झाला ते नीट समजून घेऊ. आधी वस्तीतल्या बाईला विहिरीपासून लांब उभं राहावं लागे. कोणी वरून पाणी ओतलं तर तिची घागर भरायची. आता पाणी तिच्या दारात होतं आणि बाकीच्यांना तिच्या दारात यायचं होतं. कोणी भाषण केलं नाही, कोणाला लाजवलं नाही. पण एका पंपाखाली सगळ्यांच्या घागरी रांगेला लागल्या. दुष्काळात तहान जातीपेक्षा मोठी निघाली. चांगुलपणा माणसाच्या मनात असतो हे खरं, पण त्याला वाट करून द्यावी लागते. इथे ती वाट हातपंपाच्या जागेने करून दिली.

पुढचा प्रश्न आजाराचा. आधी गावात शिकलेल्या नर्सबाई पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. परगावची एकटी तरुण मुलगी गावात कशी राहणार, आणि तिचं कोण ऐकणार? मग ठरलं की गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची. निवडलेल्या बायांत कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. कोणी विधवा होती, कोणी टाकलेली, बऱ्याच जणी दलित वस्तीतल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या. साध्या गोष्टी, पण जीव वाचवणाऱ्या. जुलाब लागलेल्या पोराचं पाणी तोडायचं नाही, उलट साखर-मिठाचं पाणी घोटाघोटाने पाजायचं. पोटुशी बाईने कमी नाही, जास्त खायचं. नाळ विळ्याने कापायची नाही, स्वच्छ उकळलेलं पातं वापरायचं. म्हणजे बाळाला धनुर्वात होत नाही.

शिकायला आलेल्या या बाया पहिल्यांदा एकमेकींच्या ताटाला शिवत नव्हत्या. तिथे सगळ्या जातीच्या बायांनी एकत्र रांधायचं, एकत्र जेवायचं, आणि रात्री एकाच भल्यामोठ्या पांघरुणाखाली झोपायचं, अशी रीत पडली. थंडीत एका पांघरुणात झोपलेल्या बायांत किती दिवस विटाळ टिकणार?

अवघड काम गावात परतल्यावर होतं. वस्तीतली बाई वरच्या आळीत बाळंतिणीला बघायला गेली तर तिला उंबऱ्याबाहेर उभं करायचे. थोडा वेळ त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्या घराने आपल्याला कधी आत घेतलं नाही, त्या घरातलं पोर तापलंय. जावं की न जावं? न गेली असती तर तिला कोण दोष देणार होतं? पण त्या गेल्या. बाहेर उभं राहून सांगितलं, पाणी कसं पाजायचं ते दाखवलं. पोर बरं झालं. पुढच्या वेळी दार उघडलं, त्याच्या पुढच्या वेळी बसायला पाट आला. कोडाचा नव्हे, महारोगाचा माणूस ज्याला घरचे गोठ्यात ठेवत, त्याच्या पायाची जखम धुवायलाही याच बाया बसल्या. लवकर गोळ्या सुरू केल्या तर हा रोग बरा होतो आणि माणूस घरातच राहू शकतो, हे त्यांनी घरोघर पटवून दिलं.

फळ काय मिळालं? १९९० च्या सुमारास या गावांत वर्षाच्या आत दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण हजारी तीसच्या आत आलं होतं. १७६ वरून तीसच्या आत. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा जामखेडचं नाव जगात गेलं. देशोदेशीची माणसं इथे शिकायला येऊ लागली. १९८८ साली जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ अमेरिकेत वॉशिंग्टनला मोठ्या परिषदेत बोलल्या. सभागृहात लखलखती झुंबरं होती. मुक्ताबाईंनी सांगितलं की मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महाग आणि लांब. मग पिशवीतून दोन साध्या पणत्या काढल्या, एक पेटवली आणि तिच्यावर दुसरी लावून दाखवली. झुंबराला हे जमत नाही. आज आपल्या गावात फिरणाऱ्या आशाताईंची योजना २००५ साली आली. जामखेडच्या बायांनी तसलं काम त्याआधी तीस वर्षं सुरू केलं होतं.

मेबल आरोळे १९९९ साली गेल्या, रजनीकांत आरोळे २०११ साली. त्यांचं मोठेपण आहेच. पण रात्री कंदील घेऊन वरच्या आळीत गेलेल्या कितीतरी बायांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. तुमच्या गावात अशी कोणी म्हातारी असेल तर तिच्याजवळ बसा, तिची गोष्ट विचारा. आपल्या गटाच्या वहीत दोन पानं तिच्यासाठी लिहून ठेवली तर तोही इतिहास होईल.

आता आपल्याकडे येते. बचत गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, नोंदवही. सूत्रं चांगली आहेत, त्याशिवाय गट टिकत नाही. पण गावोगाव गटांच्या बैठकांना बसते तेव्हा मी एक बघते. गटात कोण आहे हे वहीत असतं, गटात कोण नाही हे कुठेच नसतं. आणि जी नसते, ती बहुतेक वेळा सगळ्यात गरजेची असते.

उदाहरण आपल्या समोरचंच आहे. दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातून आणि शेजारच्या आष्टी-पाटोद्यातून जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने ती बाई गावात नसते. बैठकीला हजर नाही, हप्ता वेळेवर नाही, म्हणून तिला गटात घ्यायचं कोणी म्हणत नाही. मग उचल घेण्याशिवाय तिच्यापुढे दुसरा रस्ता राहत नाही. नियम मोडलेला नाही, कोणी वाईट वागलेलं नाही. तरी दार बंदच आहे.

यावर उपाय अवघड नाही. जाण्याआधी तिची पाच महिन्यांची बचत एकदम घेता येते. गटाने ठराव करून तिची गैरहजेरी मान्य करता येते. गरज पडली तर फोनवर तिचं मत घेऊन इतिवृत्तात लिहिता येतं. मागे राहिलेली तिची म्हातारी सासू आणि शाळेतलं पोर, त्यांच्याकडे गटातल्या एकीने आठवड्यातून एक फेरी मारायची. दारात उभं राहून नव्हे, आत बसून. म्हातारीने गोळी घेतली का, पोर शाळेत गेलं का, एवढं विचारायला काय लागतं?

पुढच्या बैठकीत हप्ता मोजून झाला की एक काम करा. आपल्या वस्तीतली सगळी घरं एकेक करून मोठ्याने म्हणा. ज्या घरातली बाई कोणत्याच गटात नाही त्या घरापुढे खूण करा, आणि का नाही हे लिहा. मग दोघींनी मिळून त्या घरी जा. ती पहिल्यांदा नाही म्हणेल. तिला वाटेल, इतकी वर्षं कोणी विचारलं नाही, आज कशाला आल्यात? तिचं बरोबरच आहे. दुसऱ्यांदा जा.

तुमच्या गटाने काय केलं ते आम्हाला पत्राने किंवा फोनवर कळवा. पुढच्या वेळी त्यातलं एखादं इथे वाचून दाखवेन. तोवर, नमस्कार.